हौशी रेडिओ उपग्रह

हौशी रेडिओ उपग्रह म्हणजे हौशी रेडिओ सेवेच्या (हॅम रेडिओच्या) परवानाधारकांना परस्परांशी संपर्क साधता यावा, यासाठी अवकाशात सोडलेला कृत्रिम उपग्रह होय. घराच्या गच्चीवरून लहान अँटेना व काही वॅट शक्तीचा प्रक्षेपक वापरून अशा उपग्रहामार्फत शेकडो किलोमीटर दूरच्या केंद्राशी बोलता येते. या सेवेचा व्यापारी वापर करता येत नाही.

इतिहास

ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून प्रक्षेपित झाला. सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह मोर्स लिपीत ‘हाय’ एवढाच संदेश पाठवीत असे. १९७४ मध्ये सोडलेला ऑस्कर-७ बॅटरी निकामी झाल्याने १९८१ मध्ये मूक झाला. परंतु २००२ मध्ये त्याचे संकेत अनपेक्षितपणे पुन्हा ऐकू आले. त्यानंतर तो केवळ सूर्यप्रकाशात, सौरघटांच्या विजेवर कार्य करू लागला.

भारतात इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह सोडला. तो जुलै २०१४ पर्यंत सेवेत होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, हौशी केंद्रांमध्ये संदेशवहन करण्यासाठी योजलेला ‘स्वयम्’ हा लघुउपग्रह २२ जून २०१६ रोजी प्रक्षेपित झाला.

संपर्काची पद्धत

उपग्रह एका वारंवारतेवर संदेश स्वीकारतो (अपलिंक) आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तो परत पाठवितो (डाउनलिंक). आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ध्वनिसंदेशांच्या पुनःप्रक्षेपकासाठी या वारंवारता अनुक्रमे १४५.९९० व ४३७.८०० मेगाहर्ट्झ आहेत. कमी उंचीवरील उपग्रह एका फेरीत क्षितिजावर फार तर दहा-पंधरा मिनिटे राहतो. त्याच्या उदयास्ताची वेळ व दिशा संगणकीय आज्ञावलीने आधीच काढता येते. हातात धरलेली यागी अँटेना उपग्रहाच्या मार्गानुसार फिरवावी लागते.

उपग्रहाच्या वेगामुळे डॉप्लर परिणाम जाणवतो. ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास संकेत उदयकाळी सुमारे १० किलोहर्ट्झ वर, तर अस्तकाळी तेवढाच खाली सरकतो. त्यानुसार ग्राहक यंत्र जुळवून घ्यावे लागते. संपर्कात सामान्यतः संबोधन-चिन्ह आणि स्थानदर्शक चौकटीचा संकेत यांची देवाणघेवाण होते. उदाहरणार्थ, पुणे शहर ‘एमके६८’ या चौकटीत येते.

कतारच्या एस्हेल-२ या भूस्थिर उपग्रहावरील हौशी प्रक्षेपक (क्यूओ-१००) २०१९ पासून उपलब्ध आहे. तो २५.९° पूर्व रेखांशावर स्थिर दिसत असल्याने अँटेना फिरवावी लागत नाही. महाराष्ट्रातूनही तो पश्चिमेच्या आकाशात सापडतो.

संकेत व शिस्त

उपग्रहाची वीज मर्यादित असून ती सर्वांची सामायिक असते. एफएम उपग्रहावर एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. रेषीय प्रक्षेपकावर अनेकजण एकाच वेळी बोलतात. पण एखाद्याने अवाजवी शक्ती वापरल्यास इतरांचे संकेत क्षीण होतात. म्हणून आधी ऐकावे, आपला आवाज परत येतो याची खात्री करावी, थोडक्यात बोलावे आणि दुर्बळ संकेताच्या केंद्राला वाट द्यावी, असा संकेत आहे.

परवाना

भारतात प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नवशिक्यांनी प्रथम उपग्रहांचे संकेत ऐकण्याचा सराव करणे उपयुक्त ठरते.