न्याय मागणाऱ्यांचा इतिहास

न्याय देणाऱ्यांच्या कथा आपणांस मुखोद्गत असतात. न्याय मागणाऱ्यांच्या कथा मात्र बखरकारांनी फारशा लिहून ठेविल्या नाहीत. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांस देहांत प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु त्या प्रायश्चित्ताची अंमलबजावणी कधीच झाली नाही, याचे स्मरण कितीकांस असते? निर्भय न्यायाधीश एकटा पुरत नाही. त्याच्यामागे न्यायाचा आग्रह धरून बसणारा समाज असावा लागतो. या दृष्टीने बीड जिल्ह्यातील एका अर्वाचीन प्रकरणाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील रयतेने दाद मागावयाची, ती अर्ज-विनंत्या करून आणि हुजुरांची मर्जी सांभाळून. पुढे लोकशाही आली, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने लोकांनी निवडलेल्या पंचायतीचा सरपंच कारभार पाहू लागला, आणि रयतेचे नागरिकांत रूपांतर झाले. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी झाले. हे रूपांतर प्रत्यक्षात किती उतरले आहे, याची परीक्षा केज तालुक्यातील मस्साजोग या गावी झाली.

त्या भागात पवनचक्क्यांचा एक प्रकल्प उभा राहत होता. आरोपपत्रानुसार, प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागण्यात आली होती. ६ डिसेंबर २०२४ रोजी काही मंडळी प्रकल्पाच्या जागी शिरली आणि तेथील रखवालदारास त्यांनी मारहाण केली. रखवालदार मस्साजोगचाच आणि दलित समाजातील होता. सरपंच संतोष देशमुख हे मराठा समाजाचे. ते त्याच्या मदतीस धावले. तिसऱ्या दिवशी, ९ डिसेंबरास, केजहून गावी परतत असता भर रस्त्यात त्यांची मोटार अडवून त्यांस पळवून नेण्यात आले. त्याच दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. अंगावर अमानुष मारहाणीच्या खुणा होत्या. पोलिसांनी वेळीच हालचाल केली असती तर प्राण वाचते, असा कुटुंबाचा आरोप आहे. केज ठाण्यातील एका उपनिरीक्षकास पुढे निलंबितही करण्यात आले.

यानंतर जे घडले, ते आमच्या मते इतिहासकाराने नोंदवून ठेवावे असे आहे. गावकऱ्यांनी रस्ता अडविला. २८ डिसेंबरास बीड शहरात प्रचंड मोर्चा निघाला, व पुढे इतर शहरांतही निघाले. १ जानेवारी २०२५ रोजी ग्रामस्थ जलसमाधीच्या निर्धाराने पाण्यात उतरले. त्याच महिन्यात सरपंचांचे बंधू पाण्याच्या टाकीवर चढले, आणि फेब्रुवारीत गावाने अन्नत्याग आरंभिला. विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि विशेष सरकारी वकील या तिन्ही गोष्टी सरकारने टप्प्याटप्प्याने मान्य केल्या. आरोपपत्रात मुख्य आरोपी म्हणून ज्याचे नाव आले, तो परळीचे आमदार व तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती होता. आरोपपत्रातील छायाचित्रे लोकांसमोर येताच महाराष्ट्र हादरला, आणि ४ मार्च २०२५ रोजी मुंडे यांनी मंत्रिपद सोडले. ते स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत, व राजीनाम्याचे कारण त्यांनी प्रकृतीचे दिले, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

अशा लढ्यास दोन रोग जडतात. पहिला विस्मृतीचा. पंजाबात जसवंतसिंग खालडा या गृहस्थांनी अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांच्या नोंदवह्या तपासून, पोलिसांनी गुपचूप दहन केलेल्या प्रेतांचा हिशेब जगापुढे मांडला. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांनाच घराबाहेरून उचलून नेण्यात आले. ते परतलेच नाहीत. पत्नी परमजितकौर यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पोलिसांना शिक्षा झाली ती २००५ साली, दहा वर्षांनी. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. त्यांचे सहकारी दर महिन्याच्या २० तारखेस पुण्याच्या त्याच पुलावर जमत राहिले. मे २०२४ मध्ये दोघांस जन्मठेप झाली व तिघे सुटले. क्षोभाचे आयुष्य आठवड्याचे असते, खटल्याचे दशकाचे. हे अंतर केवळ चिकाटीच भरून काढते.

दुसरा रोग अधिक घातक, तो जातीचा. बीडमध्ये या खुनास मराठा विरुद्ध वंजारी असे रूप देण्याचा प्रयत्न दोन्हीकडून झाला. तेढ इतकी वाढली की, पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढण्याचा निर्णय २०२५ साली जिल्हा पोलीस अधीक्षकांस घ्यावा लागला! गुन्हेगारास याहून सोयीचे दुसरे काय असणार? गुन्हा जातीचा ठरला, की त्याचे रक्षण करावयास सबंध जात उभी राहते, आणि साक्षीपुराव्याचा प्रश्न अभिमानाचा होऊन बसतो. मग आरोपीस वकिलाची गरज उरत नाही. त्याचे काम जमावच करतो. परंतु मूळ प्रसंग काय सांगतो? एका दलित रखवालदारास मार बसत असता मराठा सरपंच मध्ये पडला. त्या क्षणी त्याने जात पाहिली नाही. आपल्या गावचा माणूस एवढेच पाहिले. ज्याने जातीची रेषा ओलांडली, त्याच्याच नावाने ती रेषा पुन्हा आखणे हा त्याच्या स्मृतीचा अवमान होय.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. तो आमचा अधिकार नव्हे. आम्हां सुशिक्षितांचे काम निराळे आहे. मोर्चाच्या दिवशी हळहळणे सोपे असते. साक्षीदार उभा राहावयाच्या दिवशी त्याच्या गावाकडे लक्ष ठेवणे कठीण. राघोबादादा शिक्षेवाचून राहिले, ते रामशास्त्र्यांची लेखणी अडखळली म्हणून नव्हे. त्या लेखणीच्या पाठीशी त्या वेळी कोणी उभे नव्हते. मस्साजोगच्या लोकांनी उभे राहून दाखविले आहे. त्यांस उभे ठेवणे हे उरलेल्या महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.