वर्गातली ‘मदतनीस’: इंग्लंडमधला अनुभव

मागच्या वेळी आपण १९४४ च्या शिक्षण कायद्यापाशी थांबलो होतो. त्या कायद्याखाली इंग्लंडमध्ये काही मुलांवर ‘शिकवण्यास अपात्र’ असा शिक्का बसायचा, आणि ती शिक्षण खात्याकडून आरोग्य खात्याकडे जायची. १९७० साली कायदा बदलला, एप्रिल १९७१ पासून ही मुलं शाळेची झाली. झाली खरी, पण त्यांना संडासला कोण नेणार? भरवणार कोण? फिट आली तर सांभाळणार कोण? कायद्याच्या इतिहासात हे प्रश्न सापडत नाहीत. ते काम बहुतेक वेळा आसपास राहणाऱ्या, तासाच्या हिशेबानं पगार घेणाऱ्या बाईकडे आलं. सुट्टी लागली की पगारही बंद.

पुढे १९७८ चा मेरी वॉर्नॉक समितीचा अहवाल, त्यावर १९८१ चा कायदा. मुलाच्या गरजा लेखी नोंदवायच्या, त्याला ‘स्टेटमेंट’ म्हणत. बऱ्याच स्टेटमेंटांत आठवड्याला मदतीचे इतके तास, असं लिहिलेलं असे. गंमत बघा, गरज मोजायचं मापच तास झालं! तास म्हणजे एक बाई, आणि ती बाई त्या एका मुलाला चिकटलेली. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको यांनी १९९७ मध्ये हेच दाखवलं होतं: मदतनीस सतत शेजारी असली की शिक्षक त्या मुलाकडे वळतच नाही, बाकीची मुलंही लांब राहतात.

मग २००९ मध्ये लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांना जास्त मदत मिळाली, त्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी! मुलं मुळात मागे होती म्हणून, असंही नाही. तो फरक हिशेबात धरूनच हे निघालं होतं. ‘मग या बायका हव्यात कशाला?’ असा सूर लावणं सोपं होतं. पण अभ्यास तसं म्हणत नव्हता. धडा काय आहे हे अनेकींना वर्गात शिरल्यावरच कळायचं, कारण शिक्षकांशी बोलायला वेळच ठेवलेला नव्हता. सगळ्यात अवघड मूल सगळ्यात कमी प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीकडे सोपवायचं, हा निर्णय शाळांचा होता. माझ्या मते दोष तिथेच आहे.

आपल्याकडे अंगणवाडीत ‘मदतनीस’ हे पदच आहे. शहरांतल्या काही खासगी शाळांत मात्र तिला ‘शॅडो टीचर’ म्हणतात, आणि तिचा पगार बऱ्याचदा पालकच देतात. त्या शाळांच्या वेळापत्रकात शिक्षिका आणि ती, दोघींनी एकत्र बसायचा तास कुठे आहे, तेवढं शोधून बघा.