आला, कीं यावयाचा आहे?

‘ख्रिस्त’ हें येशूचें आडनांव नव्हे. शिक्षक असतांना मी हा प्रश्न वर्गांत विचारीत असें, आणि बहुतेक मुलें हटकून चुकत. घरीं वडिलांना विचारून येणारीं मुलेंही दुसऱ्या दिवशीं तेंच चुकीचें उत्तर घेऊन येत. इब्री भाषेंत ‘माशीयाह’ म्हणजे तेलानें अभिषेक झालेला पुरुष. त्याच शब्दाचें ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’. आपल्याकडे राजाला नद्यांच्या जलानें अभिषेक होई, इस्रायलांत तो तेलानें होई, एवढाच भेद. शौल आणि दावीद हे राजे या अर्थानें अभिषिक्तच होते. फार काय, बाबिलोनच्या बंदिवासांतून यहुद्यांना मुक्त करणारा इराणचा बादशहा कोरेश हा यहुदी मुळींच नव्हता. पण यशयाच्या ग्रंथांत त्यालाही हीच पदवी दिलेली आहे. मूळ शब्दांत राजपद आहे, देवत्व नाहीं. दोन्ही धर्म हाच शब्द उच्चारतात, आणि तंटाही याच शब्दावरून आहे.

हा तंटा समोरासमोर ऐकावयाचा असेल तर आपणांस इ. स. १२६३ च्या जुलै महिन्यांत स्पेनमधील बार्सिलोना शहरीं गेलें पाहिजे. तेथें अरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर एक वाद झाला. ख्रिस्ती पक्षाकडून उभा होता पाब्लो क्रिस्तियानी. हा जन्मानें यहुदी. पुढें ख्रिस्ती होऊन डोमिनिकन संन्यासी झालेला. यहुदी पक्षाकडून आज्ञेनें बोलावला गेला हेरोना गांवचा मोशे बेन नाहमान, वैद्य आणि ग्रंथकार, वय सत्तरीच्या घरांत. ‘आज्ञेनें’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. राजाचें बोलावणें नाकारण्याची त्याला सोय नव्हती. हरला तर आपल्या लोकांवर धर्मांतराचा दाब वाढणार, आणि जिंकला तर संन्याशांचा रोष ओढवणार! अशा वादाला बरोबरीचा वाद म्हणावें काय, हें श्रोत्यांनींच ठरवावें. मोशेनें प्रथम एकच मागणी केली: मला मोकळेपणानें बोलूं द्यावें. राजानें ती मान्य केली.

पाब्लोची युक्ति नवी होती. ख्रिस्ती ग्रंथ यहुदी मानीत नाहींत. तेव्हां त्यांच्याच ताल्मुदांतून आणि पुराणकथांतून मशीहा येऊन गेला हें सिद्ध करावयाचें, असा त्याचा बेत. त्यानें आरंभ केला तो उत्पत्तीच्या पुस्तकांतील वचनापासून. यहूदाच्या वंशांतून राजदंड ढळणार नाहीं, असें तें वचन. आज यहुद्यांना राज्य नाहीं, राजदंड नाहीं. तेव्हां ज्याच्या येण्यापर्यंत तो टिकावयाचा होता तो येऊन गेला असलाच पाहिजे. मोशे म्हणाला कीं, बाबिलोनच्या बंदिवासांतही राजदंड नव्हता. मध्यंतरीं खंड पडणें म्हणजे हक्क नष्ट होणें नव्हे.

मग पाब्लोनें एक कथा काढली. इ. स. ७० सालीं रोमनांनीं यरुशलेमचें मंदिर जाळलें, त्याच दिवशीं मशीहा जन्मला, अशी ती जुनी यहुदी कथा. मोशेनें दिलेलें उत्तर मला फार महत्त्वाचें वाटतें. तो म्हणाला, आमच्या वाङ्मयाचे तीन थर आहेत: शास्त्र, शास्त्रावरील ताल्मुद आणि प्रवचनांतील आख्यानें. आख्यान पटलें तर घ्यावें, न पटलें तर सोडावें. त्यावर श्रद्धा ठेवण्याचें बंधन नाहीं. शिवाय ही कथा खरी मानली तरी येशूचा जन्म मंदिर जळण्याच्या किती तरी आधींचा. मग तिचा तुम्हांला उपयोग काय? आपल्याकडेही श्रुति, स्मृति आणि पुराण यांत तारतम्य पाहिलें जातें. त्यामुळें हा मुद्दा आपणांस परका वाटूं नये.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत इतरांचीं पापें वाहणारा एक दुःखी सेवक आहे. ख्रिस्ती वाचक म्हणतो, हा क्रूसावरचा येशू. मोशे म्हणाला, सरळ अर्थानें हा सेवक म्हणजे छळ सोसणारें इस्राएल राष्ट्रच. या एका अध्यायावर दोन्ही बाजूंनीं जेवढें लिहिलें गेलें आहे, तेवढें वाचावयाला आयुष्य पुरणार नाहीं.

पण मोशेचा खरा घाव निराळाच होता. संदेष्ट्यांनीं मशीहाची खूण सांगितली आहे कीं, त्याच्या काळीं लोक तरवारी मोडून नांगराचे फाळ करतील. येशूच्या काळापासून आजपर्यंत जग रक्तपाताने आणि लुटीनें भरलेलें आहे, असें त्यानें सशस्त्र सरदारांच्या देखत राजाला सांगितलें. युद्धविद्या शिकावयाचीच नाहीं असें ठरलें तर महाराज आणि हे सरदार यांची केवढी अडचण होईल, हेंही वर जोडलें! ख्रिस्ती पक्षाला याचें उत्तर नव्हतें असें समजूं नये. पहिलें आगमन दुःख सोसण्यासाठीं आणि पापक्षालनासाठीं, दुसरें वैभवानें न्याय करण्यासाठीं. त्याचें राज्य या जगाचें नव्हे, अंतःकरणांतलें, असें तें उत्तर. त्यालाही स्वतःची संगति आहे. माझ्या मतें दोघे एकाच प्रश्नाचीं उत्तरें देतच नव्हते. एकाला जगाची स्थिति पालटलेली हवी होती, दुसऱ्याला मनुष्याचा आत्मा सुटलेला.

मोशेनें हेंही स्पष्ट केलें कीं, मशीहा हा आमच्या धर्माचा मुख्य पाया नव्हेच. मशीहा मनुष्य, आपण राजे तेही मनुष्य. भांडण आहे तें देव मनुष्यदेह धारण करतो काय यावर. अवतार मानणाऱ्या आपल्या समाजाला ख्रिस्ती मत येथें जवळचें वाटेल, आणि यहुदी मनुष्याला तेंच असह्य कां, हें समजण्यास थोडा प्रयत्न करावा लागेल.

वाद चार बैठकी चालला. निकालाविषयीं दोन वृत्तांत आहेत: लॅटिन वृत्तांत म्हणतो यहुदी निरुत्तर झाला, मोशेचा इब्री वृत्तांत म्हणतो, राजानें तीनशें नाणीं देऊन आपणांस सन्मानानें निरोप दिला. दोन्ही वृत्तांत पक्षकारांचेच आहेत, हें ध्यानांत असावें. पुढचें मात्र निर्विवाद आहे. मोशेनें आपलीं भाषणें लिहून काढलीं म्हणून १२६५ सालीं त्याच्यावर ईश्वरनिंदेचा आरोप आला. तें बोलण्याची परवानगी आपणच दिली होती, हें राजाला ठाऊक होतें. त्यानें सौम्य शिक्षा सुचविली, पण संन्याशांचें तेवढ्यानें समाधान होईना. पोपचें पत्र आलें. अखेर म्हाताऱ्यानें देश सोडला आणि १२६७ सालीं तो यरुशलेमला पोंचला. मंगोल स्वाऱ्यांनीं नगर ओस पडलें होतें. तेथें त्याला यहुदी असे दोघेच भाऊ आढळले, रंगारी. एका पडक्या घराची डागडुजी करून त्यानें तेथें प्रार्थनामंदिर उभें केलें, आणि तसें आपल्या मुलाला पत्रानें कळविलें.

या वादाचा एक धागा आपल्या कोंकणापर्यंत येतो. मशीहाच्या आधीं एलीया संदेष्टा येईल, असें मलाखीच्या वचनावरून यहुदी मानतात. ख्रिस्ती म्हणतात, बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलीया. तोही येऊन गेला. रायगड जिल्ह्यांतील आपल्या मराठीभाषी बेने इस्राएल लोकांत या एलीयाची भक्ति विशेष आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडतांना ते त्याच्या नांवानें मलिदा करतात: पोहे, गूळ, ओलें खोबरें आणि फळें. मी नोकरीनिमित्त त्या भागांत होतों, तेव्हां एका बेने इस्राएल सहकाऱ्याच्या घरीं हा मलिदा खाल्ला आहे. मी त्यांना विचारलें, “एलीया येऊन गेला, कीं यावयाचा आहे?”

“मास्तर,” ते म्हणाले, “रथाच्या खुणा इथें आहेत, म्हणजे येऊन गेला. पण सुंतेच्या वेळीं त्याची खुर्ची आम्ही अजून रिकामी ठेवतों.” आणि त्यांनीं माझ्या ताटांत आणखी मलिदा वाढला.