हुकूम आणि अंमल

पॅरिसजवळ सीन नदीवरून उडत असता लॉरेन्स स्पेरी याने 1914 च्या जून महिन्यात दोन्ही हात उंच करून, विमान केवळ जायरोस्कोपच्या आधारे स्थिर राहते हे काठावरील प्रेक्षकांस दाखविले, तेव्हापासून वैमानिकाच्या हातची हुकमत यंत्राकडे जाऊ लागली. परंतु त्या स्वयंचालकाचा कारभार इतका सरळ होता की, तो काय करीत आहे हे समजण्यास डोळे आणि हात पुरेसे होत.

22 फेब्रुवारी 1987 रोजी प्रथम उडालेल्या एअरबस 320 या विमानाने ही स्थिती पालटली. वैमानिकाची कांडी येथे पंखांशी जोडलेली नसून संगणकाकडे अर्ज करते, आणि वेगाचा कारभार यंत्राकडे असताना इंजिनांचे दांडे जागचे हालतही नाहीत. म्हणजे पूर्वी तळहातास कळणारी गोष्ट आता पडद्यावरील अक्षरांतून वाचावी लागते.

मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे याच जातीचे विमान 14 फेब्रुवारी 1990 रोजी बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले, आणि 146 पैकी 92 माणसे गेली. अखेरच्या उतरणीत ‘ओपन डिसेंट’ ही आज्ञा अमलात होती; तिच्या नियमाप्रमाणे इंजिने मंद राहतात आणि वेग विमानाच्या नाकाच्या कलाने सांभाळावयाचा असतो, त्यामुळे उंची टिकविण्यासाठी नाक उचलले गेले तसा वेग ओसरत गेला, तरी इंजिने स्वस्थच राहिली. उतरण्याचा दर नेमावयास गेलेला हात शेजारच्या, उंचीच्या कळीवर पडला असावा, असा तपासाचा तर्क होता. हा दोष केवळ त्या हाताच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. दिलेल्या हुकमाचा यंत्राने कोणता अर्थ घेतला, हे ठळकपणे सांगण्याची जबाबदारी यंत्र घडविणाऱ्यांचीही होती.

20 जानेवारी 1992 रोजी स्ट्रासबर्गजवळच्या डोंगरावर याच जातीचे विमान आदळून 87 जणांचे प्राण गेले, तेव्हाही 3.3 अंशांचा उतार नेमण्याच्या हेतूने दिलेला आकडा यंत्राने मिनिटास 3300 फूट असा घेतला असणे संभवनीय मानले गेले. त्यानंतर वैमानिकाने नेमलेला आकडा दिसतो त्या खिडकीत उतरण्याचा दर चार आकड्यांनी दाखविण्याची व्यवस्था झाली.

तथापि 29 ऑक्टोबर 2018 रोजी जावा समुद्रात 189 जणांसह बुडालेल्या बोइंग 737 मॅक्सच्या वैमानिकांपाशी जी पुस्तिका होती, तिच्यात विमानाचे नाक आपण होऊन खाली दाबणाऱ्या आज्ञावलीचे वर्णनच नव्हते.