बस्त्यात नवरीचा शब्द

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी याद्या होतात, मग बस्ता निघतो. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. नवरीचा शालू, हळदीची साडी, मानपानाची लुगडी, टॉवेल, टोप्या, सगळं त्यात आलं. पूर्वी देवरुखला नाहीतर रत्नागिरीच्या बाजारात दोन्हीकडची माणसं जमायची. दुकानदार गादीवर लुगडी उलगडायचा, बापये भाव करायचे, म्हाताऱ्या पोत चोळून बघायच्या. आणि जिला ते नेसायचं ती बहुतेक वेळा घरीच असायची. शालू वरपक्षाचा, पिवळी साडी मामाची, असे मान ठरलेले. त्यात नवरीची पसंती कोणी विचारत नसे.

कापड सांगून करून घेणं आपल्याकडे नवीन नाही, पण ती मोठ्यांच्या घरची गोष्ट. माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे रंग सांगून मागवले होते. पैठणीचा पदर हातमागावर एकेक रंगाचा धागा गुंतवून भरतात, म्हणून काठ कुठला, पदरावर मोर की मुनिया, हे आधी ठरवावं लागतं. कामाप्रमाणे एका पैठणीला महिना लागतो, वर्षही लागतं. तिच्या एका काठाला नारळी म्हणतात. नारळ आमच्या दारात, पण तो काठ आमच्या कुळवाड्यांच्या घरात कधी आला नाही.

आपल्या लग्नाचं कापड ठरवून घेतलं की त्यातून काहीतरी सांगता येतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1840 साली लग्नात आपल्याच देशातल्या बायकांनी हाताने विणलेली लेस लावली. त्या कारागिरांचा धंदा बसत चालला होता, त्याला हात मिळावा म्हणून. मार्च 1942 मध्ये इंदिरा गांधी लग्नात गुलाबी खादीची साडी नेसल्या. तिचं सूत नेहरूंनी तुरुंगात कातलेलं होतं. पण एक राणी आणि दुसरी नेहरूंची मुलगी. आमच्या पोरींना अशी सोय नव्हती.

माझ्या थोरल्या आत्याचं लग्न कापडाच्या टंचाईत झालं. युद्धामुळे 1943 साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं होतं. अख्खं लुगडं मिळेना, तेव्हा आजोबांनी दोन तुकडे आणले आणि आजीने ते मधोमध जोडले. जोड निऱ्यांत लपवला. आत्याला मी एकदा विचारलं होतं, रंग तुझ्या आवडीचा होता का? ती म्हणाली, "रंग कोन इचारतो? अंगभर झालं त्येच लय झालं."

याच काळात आमच्या गावांतले अर्धे बापये मुंबईला कापड विणत होते. मुंबईची पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली आणि पुढे गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं बोटीने तिकडे जात राहिली. माझा थोरला भाऊ साचेखात्यात होता. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात ते खातं. दिवसभर तो वारावारी कापड काढायचा, पण त्यातला एक हात कापडही स्वतःच्या मनासारखं विणण्याची मुभा त्याला नव्हती. काय विणायचं ते गिरणी ठरवणार.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भाऊ शिमग्याला घरी आला तो पुन्हा कामावर गेलाच नाही. त्याच मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. बस्ता निम्म्यावर आला. बहिणीने एकच हट्ट धरला, झंपराला फुग्याच्या बाह्या पाहिजेत. तिने चुलीतल्या कोळशाने शिंप्याच्या ओट्यावर बाहीचं चित्र काढून दाखवलं. कापड होतं ऐंशी सेंटिमीटर, फुग्याला ते पुरेना. शिंप्याने काखेत जोड दिला आणि बाही उभी केली. सबंध लग्नात तिच्या शब्दाने झालेली वस्तू ती एवढीच. तिने तो झंपर विरेपर्यंत वापरला.

माझ्या मुलीचं लग्न 2015 साली झालं. ती रत्नागिरीत नर्स आहे, पगार तिच्या हातात येतो. तिने वहीत चित्र काढलं. हिरवी नऊवारी, आंबारंगी काठ, खणाच्या बाह्या आणि पदरावर भाताच्या लोंब्या. नऊवारी शिवलेली हवी, म्हणजे निऱ्या आणि कासोटा आधीच शिवून ठेवायचा आणि ऐन वेळी अंगात चढवायची. शालूचा मान वरपक्षाचा, म्हणून तिने होणाऱ्या सासूबाईंना फोन केला. "आई, कापड तुमच्याकडचंच असू दे. फक्त चित्र माझं." त्या समजूतदार निघाल्या.

अडलं आमच्याच घरात. लग्नाच्या शालूला कात्री लावायची नाही, असं बायको म्हणाली. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी आत्या बोलली. तेव्हा तिची ऐंशी उलटली होती. "माज्या लुगड्याला मधोमध जोड होता. तरी संसार झालाच ना? लाव गो कात्री."

पदराचं आरीकाम शहरातल्या एका बाईंकडे दिलं. त्यांनी आधी खडूने आखून दाखवलं तर लोंब्या ताठ उभ्या. मी म्हटलं, ताई, हा गहू झाला. भाताची लोंबी पिकली की वाकते. दुसऱ्या दिवशी मी बियाण्याच्या जुडीतली लोंबी नेऊन दिली. त्यांनी ती पुढ्यात ठेवून टाके घातले. कामाला तीन आठवडे लागले.

आता नवऱ्या मोबाईलवर नट्यांचे फोटो दाखवतात आणि तसंच शिवून मागतात. ते चुकीचं म्हणवत नाही, निदान निवड तरी त्यांची आहे. पण स्वतः चित्र काढणारीला काय पाहिजे ते आधी स्वतःशी ठरवावं लागतं, आणि कारागिराशी बसून बोलावं लागतं. त्यात कारागिराच्या हातालाही किंमत येते. मुलीची नऊवारी शिवली ती आमच्या गावातल्या शिंपीणबाईंनी. पूर्वी त्यांच्या वहीत नुसती मापं असायची. मागे गेलो होतो तेव्हा मापांच्या बाजूला पोरींनी पेन्सिलीने काढलेली चित्रं दिसली. एकीने काठावर सुरंगीचा वळेसर काढला होता.