सात खाचांची नळी आणि माझी एक चूक

मंडळाच्या मागच्या वर्षीच्या बैठकीत मी एक टिपण वाचलं होतं. बेळगावातल्या एका जुन्या फौजी घराण्यानं परवान्यावर जपलेलं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर हा त्याचा विषय. त्यात मी ठासून लिहिलं होतं, की नळी झिजलेली आहे, अर्थात या हत्यारातून बरेच बार झाले असणार. घरच्यांना ते वाक्य इतकं आवडलं की पणजोबांच्या तसबिरीखालच्या पाटीवर त्यांनी ते रंगवून घेतलं. ते वाक्य चुकीचं आहे. कसं, ते सांगायलाच हा लेख.

मी काय केलं होतं? मऊ शिशाचा तुकडा हलक्या हातानं ठोकत नळीतून आरपार काढला. त्यावर नळीतल्या खाचा उमटतात. वेब्लीला सात खाचा असतात. संख्या विषम, त्यामुळे खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. साध्या मायक्रोमीटरनं अशा तुकड्याचं माप कमीच भरतं. त्यासाठी ‘व्ही’ आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. तो मी मुद्दाम मिळवला होता. आकडा आला ०.४५७ इंच. काडतुसाचं नाव ०.४५५. तीस वर्षं कारखान्यात बेअरिंगची झीज मोजलेला माणूस मी. भोक मोठं झालं म्हणजे झिजलं, हे डोक्यात पक्कं. आकडा बरोबर होता, अर्थ चुकला.

पुढे सिलिंडर मोजला आणि शंका आली. सहाही घरांची पुढची तोंडं ०.४५० इंचाच्या आसपास निघाली. नळीपेक्षा सात हजारांश इंचानं अरुंद, म्हणजे साधारण ०.१८ मिलिमीटर. बारानं झीज व्हायची तर या तोंडांचीही व्हायला हवी होती. शिवाय नळीतल्या उंचवट्यांच्या कडा अजून धारदार होत्या. मग वाचन वाढवलं, तेव्हा कळलं की वेब्लींमध्ये असं माप सर्रास आढळतं.

इथं रिव्हॉल्व्हरची मूळ अडचण समजून घ्यायला हवी. बंदुकीत गोळी एकाच नळीतून जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती आधी सिलिंडरच्या तोंडातून निघते, मधली फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. दोन वेगळे भाग, दोन वेगळी मापं. गोळी कितीही जाड ओता, सिलिंडरचं तोंड तिला आपल्या मापाची करून सोडणार. नळीला काय हवं, हा प्रश्न नंतरचा.

जुन्या कारागिरांना हे माहीत होतं. १८५१ च्या कोल्ट नेव्हीत गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी ओतायची आणि दट्ट्यानं दाबून बसवायची. कडेचं शिसं तासून निघे, गोळी घट्ट बसे. इंग्लंडमधल्या ॲडम्सच्या त्याच काळातल्या रिव्हॉल्व्हरला सुरुवातीला दट्ट्याच नव्हता. गोळी अंगठ्यानं बसवायची, म्हणून ती किंचित लहान. हालचालीत सैल होऊन पुढे सरकायची. नंतरच्या ॲडम्सला दट्ट्या आला. १८५७ च्या धामधुमीत ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला आपल्या देशात फिरत होती.

पुढे धातूची काडतुसं आली. सुरुवातीच्या कित्येक काडतुसांत गोळीचा पुढचा भाग नळकांड्याइतका जाड, आणि मागचा बारीक भाग नळकांड्यात बसवलेला. वंगण उघडं राही, धूळ चिकटे. १८७१ मध्ये रशियन सैन्यानं स्मिथ अँड वेसनकडून रिव्हॉल्व्हरं घेताना हे बदलून घेतलं. गोळी सगळीकडे एकाच जाडीची, वंगणासकट नळकांड्याच्या आत. मग सिलिंडरमध्येही पायरी आली: मागे नळकांड्याच्या मापाचं घर, पुढे गोळीच्या मापाचं तोंड. आज आपण जे तोंड मोजतो, ते इथून स्थिरावलं.

मग वेब्लीनं तोंड नळीपेक्षा अरुंद का ठेवलं? उत्तर गोळीच्या बुडात आहे. ०.४५५ ची सरकारी गोळी मऊ शिशाची, २६५ ग्रेन वजनाची आणि बुडाला पोकळ. तोंडातून ती आवळून निघते. पण मागच्या वायूचा दाब पोकळीत शिरला की तिचा घेर फुगतो आणि नळीच्या खाचा भरून काढतो. ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. चरबीच्या काडतुसांमुळे गाजलेल्या १८५३ च्या एनफिल्डची गोळीही नळीपेक्षा लहान असे आणि बार होताना फुगून खाचा धरत असे.

आता त्याच वेब्लीसाठी कुणी कडक मिश्रधातूची, सपाट बुडाची गोळी ओतली तर? ०.४५७ ची ओतली तरी तोंड तिला ०.४५० करून सोडणार. कडक असल्यानं ती फुगणार नाही. नळीत सैल जाणार, कडेनं वायू निसटणार, शिसं नळीला लिंपणार, नेम कुठल्या कुठे. हत्यार झिजलेलं नसतानाही झिजल्यासारखं वागणार.

उलट उदाहरण ०.४५ कोल्टचं. १८७३ च्या या काडतुसासाठी नळीच्या खाचांचं माप ०.४५४ च्या आसपास असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ०.४५१ वर आलं, पण बऱ्याच सिलिंडरांची तोंडं ०.४५६ च्या घरातच राहिली. तिथं तोंड मोठं, नळी लहान. गोळी तोंडाच्या मापाची ओतली की नळी तिला आवळून घेते, काम भागतं. म्हणून ओतणाऱ्यानं माप घ्यायचं ते आधी तोंडाचं.

घरच्यांना फोन करून हे सांगितलं. तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग पणतू म्हणाले, ‘‘म्हणजे काय हो काका, पणजोबांनी गोळ्या झाडल्याच नाहीत?’’ मी म्हटलं, ‘‘झाडल्या असतील, नसतील. हे लोखंड त्याची साक्ष देत नाही, एवढंच. मी उगीच दिली.’’ पाटी त्यांनी उतरवली. नव्या पाटीवर फक्त नाव, पलटण आणि ‘वेब्ली मार्क ६’ एवढंच लिहिणार आहेत.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती. कुणाच्या घरी वा संग्रहालयात जुनं रिव्हॉल्व्हर नोंदवताना, मालकाच्या आणि परवान्याच्या साक्षीनं, तीन मापं लिहा: नळीच्या खाचांचं, उंचवट्यांचं आणि सिलिंडरच्या प्रत्येक तोंडाचं. आणि ‘झिजलेलं’ हा शब्द तिन्ही मापं शेजारी मांडल्यावरच वापरा. माझ्या मूळ टिपणावर मी दुरुस्ती जोडली आहे.