जिंझू खोऱ्यातील कॅडमियम

जपानच्या तोयामा प्रांतातून उत्तरेकडे वाहत समुद्राला मिळणाऱ्या जिंझू नदीच्या काठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विलक्षण आजार दिसू लागला. कंबर आणि मांड्यांच्या दुखण्याने त्याची सुरुवात होई, काही वर्षांत रुग्णाची चाल बदकासारखी डुलती होई आणि पुढे नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडे. मणके दबून उंची वीतभर, कधी त्याहूनही अधिक, कमी झाल्याच्या नोंदी आहेत. रुग्णांच्या कण्हण्यावरून या आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे नाव पडले. रुग्ण बहुतांशी चाळिशी उलटलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रिया होत्या, आणि पुढचा सारा वाद याच गोष्टीभोवती फिरत राहिला.

नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतातील कामिओका येथे, धातूंचे खाणकाम कित्येक शतके चालत आले होते. १८७४ पासून मित्सुई कंपनीने त्या खाणी टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतल्या आणि रशिया-जपान युद्धाच्या सुमारास तेथे जस्ताचे उत्पादन सुरू झाले. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. दगड दळून जस्त वेगळे काढल्यावर उरणाऱ्या बारीक भुकटीबरोबर आणि सांडपाण्याबरोबर तो नदीत जाई, तेथून पाटांवाटे भातखाचरांत येई आणि पाटाच्या तोंडाशीच गाळ आधी बसत असल्याने तेथली रोपे सर्वांत खुरटी राहत. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर मातीतील कॅडमियम गंधकाशी बांधलेला, न विरघळणारा राहतो. पण कापणीपूर्वी पाणी सोडून खाचर सुकवले, की मातीत हवा शिरून तो सुटा होतो आणि मुळांवाटे दाण्यात चढतो. भातशेतीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच अशा प्रकारे विष ताटापर्यंत पोचवणारी ठरली.

शरीरात या धातूचा प्रवास अधिकच कपटी असतो. कॅडमियमचा शरीराला काही उपयोग नाही, परंतु त्याचा विद्युतभारित अणू जस्त व कॅल्शियमशी इतका मिळताजुळता असतो, की आवश्यक धातूंसाठी असलेल्या वाटांनी तो आत शिरतो. आतड्यात लोह शोषून घेणारी प्रथिने त्यालाही आत घेतात, आणि शरीरात लोह कमी असले की या प्रथिनांची संख्या वाढते. यकृत त्याला मेटॅलोथायोनीन नावाच्या, गंधकयुक्त प्रथिनात जखडून ठेवते. हे प्रथिन रक्तावाटे मूत्रपिंडात पोचते, गाळले जाते आणि मूत्रनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशी ते परत शोषून घेतात. तेथे प्रथिन पचते, कॅडमियम मोकळा होतो आणि त्या पेशी निकामी होऊ लागतात. साचलेला धातू निम्मा होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. अशा मूत्रपिंडातून लहान आकाराची प्रथिने, फॉस्फेट आणि कॅल्शियम लघवीवाटे वाहून जातात आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे कामही मंदावते. हाडांचा सांगाडा राहतो, पण त्यात खनिज भरत नाही. वैद्यकशास्त्र याला अस्थिमृदुता म्हणते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावी परतलेले डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी १९५७ मध्ये खाणीकडे बोट दाखवले आणि १९६१ मध्ये कृषितज्ज्ञ किनइची योशिओका यांच्यासह कॅडमियमचे नाव घेतले, तेव्हा कुपोषण, ऊन कमी असणारे हवामान आणि बाळंतपणे हीच खरी कारणे असल्याचा प्रतिवाद झाला. हा प्रतिवाद निव्वळ खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो दीर्घकाळ टिकला. मात्र गरिबी, ढगाळ हिवाळे आणि बाळंतपणे शेजारच्या खोऱ्यांतही होतीच. रुग्णांची घरे नकाशावर मांडली असता ती जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावांतच एकवटलेली आढळत. कुपोषण हा विषबाधेला पर्याय नसून तिची वाट मोकळी करणारा घटक होता: लोह कमी असलेल्या स्त्रीचे आतडे कॅडमियम अधिक ओढून घेई आणि गर्भारपणात व अंगावर पाजताना कॅल्शियम खर्ची पडलेल्या हाडांना तूट भरून काढता येत नसे. ८ मे १९६८ रोजी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने हाच क्रम मान्य केला. आधी कॅडमियममुळे मूत्रपिंडाचा बिघाड, मग अस्थिमृदुता, आणि गर्भारपण, वार्धक्य, कॅल्शियमची कमतरता हे साहाय्यक घटक, असे मंत्रालयाचे निवेदन होते. प्रदूषणजन्य म्हणून सरकारने मान्य केलेला हा देशातील पहिला आजार होय.

न्यायालयात कंपनी १९७१ मध्ये हरली आणि १९७२ मध्ये अपीलही फेटाळले गेले. त्यानंतर आठशेहून अधिक हेक्टर शेतजमिनीची दूषित माती खाली गाडून वर नवी माती घालण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. अधिकृत रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास राहिली, कारण त्यासाठी आजार हाडांपर्यंत पोचलेला असावा लागे. ज्यांचे केवळ मूत्रपिंड बिघडले होते त्यांना कायद्याने रुग्ण मानले नाही, आणि प्रत्येकी सहा लाख येन देण्याचा कंपनीचा करार त्यांच्या वाट्याला आला तो २०१३ मध्ये.